बॉनेटवरचे टवके, दारावरचे चरे: गाडीच्या रंगाची घरच्या घरी डागडुजी

पावसाळा सरल्यावर गाडी नीट धुवून पुसली की बॉनेटच्या पुढच्या भागावर बारीक ठिपके दिसायला लागतात. एक्स्प्रेसवेवर पुढच्या ट्रकच्या चाकाखालून उडालेल्या खडीने काढलेले ते टवके. शिवाय दाराच्या कडेला शेजारच्या गाडीचं दार आपटल्याची खूण असते आणि पार्किंगमध्ये कोणाची तरी सायकल घासून गेल्याचा चरा असतो. यातलं बरंचसं घरी नीट करता येतं. हात फार कुशल लागत नाही; घाई न करणारा मात्र लागतो.

अपेक्षा आधीच ठरवून घ्या. घरच्या कामाचा पहिला उद्देश उघडा पडलेला पत्रा झाकणं, म्हणजे गंजाची वाट बंद करणं. डाग दिसेनासा झाला तर तो वरचा फायदा. चार-पाच फुटांवरून नजर तिथे अडली नाही की काम जमलं म्हणायचं. उन्हात, नाक लावून बघितलं तरी कळू नये असं ज्याला हवं आहे त्याने सरळ पेंटरकडे जाऊन अख्खं पॅनल स्प्रे करून घ्यावं.

रंग म्हणजे किती थर

कारखान्यात पत्र्यावर आधी फॉस्फेटची प्रक्रिया होते. मग अख्खी बॉडी हौदात बुडवून विजेच्या साहाय्याने ई-कोट, म्हणजे गंज रोखणारा थर, चढवतात, त्यावर प्रायमर, त्यावर रंग म्हणजे बेस कोट आणि सगळ्यात वर पारदर्शक क्लिअर कोट. एवढं सगळं मिळून जाडी साधारण १०० ते १३० मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा आठवा-दहावा भाग. त्यात प्रत्यक्ष रंग १५-२० मायक्रॉनच्या घरात आणि क्लिअर कोट ४०-५० च्या आसपास. हा हिशोब डोक्यात असला की पॉलिश पेपर जपून चालवला जातो.

काही जुन्या गाड्यांवर, विशेषतः साध्या पांढऱ्या रंगात, क्लिअर कोट नसतोच. ओळखायचं कसं? पांढरी गाडी असेल तर गडद फडक्यावर आणि इतर रंग असेल तर पांढऱ्या फडक्यावर थोडं रबिंग कंपाउंड (रंग किंचित घासून उजळणारी पेस्ट) घ्या आणि कोपऱ्यात घासून बघा. फडक्याला रंग लागला तर वर क्लिअर नाही. मग तुमचं एक काम कमी झालं.

आधी नख, मग पाणी

चऱ्यावर आडवं नख फिरवा. अडकलं नाही तर चरा क्लिअर कोटातच आहे. तिथे रंग लावायचा नाही, घासून उजळायचं. मग त्यावर पाणी शिंपडा. ओला असेपर्यंत चरा गायब होत असेल तर निदान पक्कं. नख अडकलं, तळाशी वेगळा रंग दिसतोय पण धातू नाही, तर चरा प्रायमरपर्यंत गेला आहे. तळ चकचकीत चंदेरी किंवा तांबूस दिसला तर पत्रा उघडा आहे किंवा गंजायला लागला आहे. पावसाळ्याच्या तोंडावर असा टवका सापडला तर महिनाभर लांबणीवर टाकू नका. कोकणपट्टीत आणि गोव्यात, जिथे हवेतच खार असतो, तिथे तर आठवडाभरही नको.

एक भलतीच गंमत सांगतो. कित्येकदा ज्याला आपण चरा समजतो तो समोरच्याच्या गाडीचा किंवा खांबाचा रंग आपल्या क्लिअरवर चढलेला असतो. मायक्रोफायबर फडक्याला थोडं रबिंग कंपाउंड लावून हलक्या हाताने चोळलं की तो निघून येतो आणि खाली आपला रंग जवळपास शाबूत निघतो. म्हणून रंगाची बाटली उघडण्याआधी हा प्रयोग करायचाच.

घरी कशाला हात लावू नये

पोचा असेल, पत्रा चेपला असेल, पॅनलच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत खोल चरा असेल किंवा टवका अंगठ्याच्या नखापेक्षा मोठा असेल तर डेंटिंग-पेंटिंगवाल्याकडे जा. क्लिअर कोटाचे पोपडे निघत असतील तर डागडुजी हा उपायच नाही. तिथे पूर्ण थर काढून नव्याने रंगवावं लागतं. बंपरवरच्या गोल पार्किंग सेन्सरवर रंगाचा थेंब टाकू नका, जाड थराने सेन्सरच्या कामात अडथळा येतो.

विम्यातून करून घेऊ, असं पटकन मनात येतं. हिशोब मांडून बघा. खासगी गाडीला प्रत्येक क्लेममध्ये सक्तीची वजावट असते, १५०० सीसीपर्यंत १,००० रुपये आणि त्यावर २,०००. शिवाय नो क्लेम बोनस जातो. हा बोनस पहिल्या वर्षानंतर २० टक्क्यांपासून सुरू होऊन सलग पाच वर्षं क्लेम न केल्यास ५० टक्क्यांवर पोहोचतो आणि ओन डॅमेजच्या, म्हणजे स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या विम्याच्या, हप्त्यावर लागू होतो. दोन टवक्यांसाठी तो घालवणं परवडत नाही.

नेमका रंग मिळवणं

सगळी गंमत आणि सगळी गडबड इथेच आहे. ‘सिल्व्हर द्या’ म्हणून दुकानातून आणलेली बाटली हमखास फसते. प्रत्येक रंगाला कंपनीचा कोड असतो आणि तो गाडीवरच लिहिलेला असतो: कुठे ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर, कुठे बॉनेटखालच्या पट्टीवर. नमुन्यादाखल, सुझुकीचा सुपीरियर व्हाइट म्हणजे २६यू, होंडाचा टॅफेटा व्हाइट म्हणजे एनएच-५७८, टोयोटाचा नेहमीचा साधा पांढरा म्हणजे ०४०. तिन्ही पांढरेच, पण शेजारी ठेवले की तीन निरनिराळे. कोड सापडला नाही तर गाडीचा चासी नंबर घेऊन सर्व्हिस सेंटरच्या स्पेअर पार्ट काउंटरवर विचारा.

कोड मिळाल्यावर दोन रस्ते. एक, गाडीच्या कंपनीची किंवा त्या कोडची तयार टच-अप बाटली. दोन, मशीनवर रंग मिसळून देणारं दुकान. पुण्यात नाना पेठेसारख्या गाड्यांच्या सामानाच्या बाजारात असं दुकान शोधायला सोपं जातं. गाडी सात-आठ वर्षांची असेल तर दुसरा रस्ता बरा, कारण ऊन खाल्लेला रंग मूळ कोडापासून थोडा ढळलेला असतो. पेट्रोलच्या टाकीचं बाहेरचं झाकण सहज निघत असेल तर तेच काढून दुकानात न्या, पेंटर लोकही तसंच करतात. त्याआधी झाकण पॉलिश करून घ्या, नाहीतर मळलेल्या रंगाला जुळणारा मळका रंग घरी येईल.

बाटली आणली की थेट गाडीवर जायचं नाही. जुन्या व्हिजिटिंग कार्डावर दोन पातळ थर द्या, वाळू द्या, वर क्लिअर लावा आणि कार्ड दिवसाच्या उजेडात गाडीला टेकवून बघा. ओला रंग बघून ठरवू नका, वाळल्यावर छटा बदलते.

साधा पांढरा, लाल, काळा हे रंग डागडुजीला सोसतात. चंदेरी आणि करडे मेटॅलिक सगळ्यात हट्टी. त्यात अॅल्युमिनियमचे बारीक पापुद्रे असतात. स्प्रेने ते आडवे, सपाट बसतात आणि काडीने लावलेल्या थेंबात वाटेल तसे पडतात. त्यामुळे रंग तोच असूनही ठिपका थोडा गडद दिसतो. त्याला घरी इलाज नाही. पर्ल पांढऱ्या गाड्यांवर तर रंग आणि क्लिअर यांच्यामध्ये पर्लचा आणखी एक थर असतो, म्हणून त्यांच्यासाठी तीन बाटल्यांचा संच घ्यावा लागतो.

सामान आणि जागा

कोडाप्रमाणे रंग, क्लिअर, छोटी बाटली मेटल प्रायमर, आयसोप्रोपिल अल्कोहोल, १५००, २००० आणि ३००० नंबरचे वॉटर पेपर, रबिंग कंपाउंड, पॉलिश, चार-पाच मायक्रोफायबर फडकी, मास्किंग टेप, टूथपिक आणि चित्रकलेच्या दुकानात मिळणारा तीन शून्याचा (०००, अगदी बारीक) ब्रश. बाटलीच्या झाकणाला जोडलेला ब्रश टवक्यासाठी फारच जाडा असतो, तो विसरा. गंज असेल तर गंज स्थिर करणारं रस्ट कन्व्हर्टर. हार्डवेअरच्या दुकानातला साधा थिनरही थोडा जवळ ठेवा.

हवा कोरडी हवी. पावसाळ्यात, आर्द्रता ८५-९० टक्क्यांवर असताना, लॅकर (थिनर उडून वाळणारा रंग किंवा क्लिअर) लावला की थिनर उडताना पृष्ठभाग गार पडतो, हवेतलं पाणी त्यावर बसतं आणि रंग पांढुरका होतो. दिवाळीनंतर ते होळीपर्यंतचा काळ उत्तम, सकाळी दव वाळल्यावर दहाच्या पुढे. गाडी सावलीत हवी. बॉनेटला हात लावून चटका बसत असेल तर थांबा. थिनर आणि रंग ज्वालाग्राही आहेत, तेव्हा सिगारेट, उदबत्ती, पेटता दिवा जवळ नको.

स्प्रे कॅनबद्दल माझं मत स्पष्ट आहे: टवक्यांसाठी नको. रुपयाएवढ्या डागासाठी हातभर जागा झाकावी लागते आणि उडालेला रंग शेजारच्या गाडीवर बसतो. त्यातही टू-के, म्हणजे हार्डनर मिसळून पक्क्या होणाऱ्या, क्लिअरच्या कॅनमध्ये आयसोसायनेट ही श्वासाला घातक रसायनं असतात. त्यांच्यासमोर कापडी मास्क किंवा एन-९५ पुरत नाही. सोसायटीच्या तळघरात तर तो कॅन मुळीच फोडू नका.

टवका भरणं

बॉनेटवरचा एकच टवका घेऊन बघू. मसुराच्या डाळीएवढा, तळाशी पत्रा दिसतोय.

गाडी शॅम्पूने धुवा, वाळवा. मग टवक्याभोवतीची वीतभर जागा अल्कोहोलने पुसा. हे पुसणं तोंडदेखलं नको. मेण, सिलिकॉनचं पॉलिश, सिरॅमिक कोटिंग यांचा अंश राहिला तर रंग तिथे माशाच्या डोळ्यासारखा फाकतो. सिरॅमिक कोटिंग अल्कोहोलने निघत नाही, तिथे टवक्याच्या काठावर आधी कंपाउंड चालवावं लागतं. खोबरेल तेल चोळून चरे लपवण्याचा घरगुती उपाय ज्यांनी केला असेल त्यांनी दोनदा पुसावं.

आता टवक्याची कड बघा. मोबाइलचा कॅमेरा झूम करून बघितलं तर उत्तमच. कडेचा रंग बहुधा उचललेला असतो, खाली पोकळ. टूथपिकच्या टोकाने हलकेच टोचा. जो भाग सुटतो तो सुटू द्या. सुटा भाग तसाच ठेवून वर रंग लावला तर पुढच्या उन्हाळ्यात सगळंच निघून येईल. तळाशी तांबूस दिसत असेल तर १५०० च्या पेपरची बारीक गुंडाळी करून फक्त खड्ड्याच्या आत घासा. मग रस्ट कन्व्हर्टर काडीने लावा आणि डब्यावर सांगितलेला वेळ थांबा. आजूबाजूच्या चांगल्या रंगावर सांडलं तर लगेच पुसा. शेवटी परत एकदा अल्कोहोल.

पत्रा दिसत असेल तरच प्रायमर. टूथपिकच्या टोकावर येईल तेवढाच घ्या, खड्ड्याच्या मधोमध टेकवा आणि आपोआप कडेपर्यंत पसरू द्या. काडी फिरवायची नाही. थर पातळ हवा आणि तो खड्ड्यातच राहायला हवा. तासभर वाळवा.

रंगाची बाटली चांगली दोन-तीन मिनिटं हलवा. मेटॅलिकमध्ये सगळे पापुद्रे तळाला बसलेले असतात आणि वरचा पातळ रंग घेतला तर फसगत ठरलेली. परत तीच युक्ती: मधोमध थेंब, स्वतःहून पसरू द्यायचा. पहिला थर वाळल्यावर जवळून बघा, खड्डा जवळपास होता तेवढाच खोल दिसेल, कारण थेंबाचा बराचसा भाग थिनर होता आणि तो उडून गेला. एकाच दमात काठोकाठ भरायचा मोह नेमका इथे होतो. जाड थेंबाच्या वर साय धरते, आत ओलं राहतं आणि चार दिवसांनी मध्ये खळगा पडतो. म्हणून अर्ध्या-पाऊण तासाच्या अंतराने तीन, चार, लागले तर पाच थर. रंग आजूबाजूच्या पातळीच्या किंचित खाली असतानाच थांबा, क्लिअरला जागा हवी.

चुकून रंग काठाबाहेर गेला तर घाबरू नका. फडक्याचा कोपरा बोटावर ताणून धरा, थिनरने नावापुरता ओला करा आणि एकदाच, हलका, वरून फिरवा. कारखान्यात भाजून पक्का केलेला मूळ रंग एवढ्याने विरघळत नाही, ताजा टच-अप मात्र निघतो. पूर्ण बिनसलं तर सगळंच पुसून नव्याने सुरुवात करता येते. पण गाडीचं ते पॅनल पूर्वी बाहेर रंगवून घेतलं असेल तर त्यावर कोणता रंग आहे याचा भरवसा नसतो. आधी न दिसणाऱ्या जागी थिनर लावून बघा.

रंग निदान तीन-चार तास वाळला की क्लिअर, तोही दोन-तीन थरांत. शेवटचा थर पातळीपेक्षा केसभर वर, फुगीर राहू द्या. आता गाडी वापरा, पण तिथे हात लावू नका, धुऊ नका. दुसऱ्या दिवशी बोटाला कोरडं लागतं तरी आतून ते कच्चं असतं. घासायला आठवडा थांबलेलं बरं.

पातळीत आणणं

हा भाग ऐच्छिक आहे. साधी पांढरी गाडी, बॉनेटवर बारीकसा उंचवटा. मी तो तसाच सोडून देईन. काळ्या गाडीवर उजेडात उंचवटा चमकतो, तिथे घासायला हरकत नाही.

खोडरबराचा करंगळीच्या नखाएवढा तुकडा कापा, त्यावर २००० चा वॉटर पेपर गुंडाळा आणि पेपर शॅम्पूच्या पाण्यात दहा मिनिटं भिजू द्या. बोटाने घासू नका. बोट मऊ असतं, ते उंचवट्याच्या बाजूचा चांगला क्लिअरही खातं. एका सरळ दिशेत, वजन न देता, पाणी सोडत घासा आणि दर आठ-दहा हातांनी पुसून बघा. मधला चमकदार ठिपका जाऊन सगळं एकसारखं निस्तेज दिसलं की ताबडतोब थांबा. मग ३०००, मग फडक्यावर कंपाउंड, शेवटी पॉलिश. पॅनलच्या धारेवर किंवा उठावदार रेषेवर पेपर चालवू नका, तिथे कारखान्याचा थर मुळातच पातळ असतो.

लांब चरा, आणि दाराची कड

किल्लीने ओढल्यासारखा बारीक लांब चरा असेल तर तयारी तीच, फक्त टूथपिकऐवजी ब्रश. चऱ्याच्या दोन्ही बाजूंना टेप लावायचा सल्ला सर्रास दिला जातो. मला तो पटत नाही. टेप काढताना रंगाची उभी धार राहते आणि चऱ्याच्या जागी पट्टा दिसतो. त्यापेक्षा ब्रशला अगदी थोडा रंग घेऊन चऱ्याच्या आत ओढत न्या, बाहेर गेलेला पुसा. फक्त क्लिअरमधले चरे कंपाउंडने निघतात: फडक्यावर वाटाण्याएवढं घ्या, चऱ्याला आडवं, मग उभं घासा, पुसून बघा. टूथपेस्टही हेच काम करते, फक्त रखडत. तेवढ्यासाठी कंपाउंड विकत घ्या.

दाराची कड हे सोपं काम आहे. तिथे कोणी बारकाईने बघत नाही आणि गंज मात्र तिथूनच आत शिरतो. पुसा, प्रायमर, रंगाचे दोन हात, क्लिअर, झालं. दार वाळेपर्यंत उघडं ठेवा, नाहीतर रबराला चिकटेल.

फुगा आणि बंपर

रंग फुटलेला नाही पण फोड आल्यासारखा फुगा दिसतो, विशेषतः चाकांच्या कमानीवर आणि दाराच्या खालच्या पट्टीला? आत गंज पसरलेला आहे. वरून रंग लावून काही होत नाही. फुगा फोडून, चकचकीत पत्रा लागेपर्यंत घासून, मग कन्व्हर्टर, प्रायमर, रंग. घासताना टोक आरपार गेलं तर तिथेच थांबा. पत्रा सडला आहे, तिथे वेल्डिंगचं काम आहे.

बंपर बहुतेक गाड्यांत पॉलिप्रॉपिलीन जातीच्या प्लॅस्टिकचा असतो. तो गंजत नाही, त्यामुळे घाई नसते. पण त्यावर साधा प्रायमर धरत नाही. प्लॅस्टिक उघडं पडलं असेल तर प्लॅस्टिकसाठीचा अॅडहिजन प्रमोटर, म्हणजे रंग धरून ठेवणारा थर, आधी लावा. बंपरचा रंग मुळातच शेजारच्या पत्र्यापेक्षा थोडा वेगळा दिसतो, तेव्हा नमुन्याचं कार्ड बंपरलाच टेकवून बघा. ज्या बंपरला शहराच्या गर्दीत दर महिन्याला काहीतरी लागतं, त्यावर मेहनत घेण्यापेक्षा वर्षातून एकदा सगळे चरे एकत्र उरकावेत.

काम झाल्यावर महिनाभर त्या जागी वॅक्स नको आणि जोराच्या फवाऱ्याने धुणंही नको. उरलेल्या बाटलीचं तोंड थिनरच्या फडक्याने पुसून झाकण घट्ट लावा, नाहीतर वाळलेल्या रंगाने ते कायमचं बसतं. बाटलीवर रंगाचा कोड आणि तारीख लिहा, ती उभी ठेवा, मुलांच्या हाताला लागणार नाही अशा गार जागी. गाडीच्या डॅशबोर्डमधल्या कप्प्यात नको, एप्रिलच्या उन्हात तिथे भट्टी होते.